सोबतीचं माणूस

आमच्या अत्तीच्या लेखी आगगाडी हा पुरुष होता. "गाडी आला," "गाडी अजून अक्कलकोट रोडलाच हाय वाटतं, रुसला असंल," असं ती म्हणायची. तिची माहेरची बोली कानडी. मराठीत कुठल्या वस्तूला बाई म्हणायचं आणि कुठल्या वस्तूला बाप्या, हा घोळ तिला जन्मभर सुटला नाही, आणि त्याची तिला तिळभरही खंत नव्हती. स्वतःबद्दलसुद्धा ती "मी येतो, मी बसतो" असंच बोलायची. मी इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत, असताना व्याकरणाचं नवं वारं अंगात शिरलं होतं. तेव्हा एकदा स्टेशनवर तिला ऐकवलं, "अत्ती, गाडी आली म्हणावं. आला नाही." ती रुळांकडे बघत शांतपणे म्हणाली, "बाई असता तर वेळंवर आला असता की." गाडी त्या दिवशीही उशिराच आला.

अत्ती म्हणजे आत्या. माझ्या वडिलांची ती चुलत बहीण, कानडी मुलखात वाढलेली. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच विजापूरकडे कामाला म्हणून गेला तो गेलाच. मेल्याची बातमी नाही, त्यामुळे विधवा म्हणता येईना, आणि नांदती म्हणावं तर नांदायला घर नाही. अशी बाई शेवटी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात येऊन पडते, तशी ती आमच्याकडे आली. आमचं गाव होटगीच्या पुढचं, रुळाला लागून. वडिलांचं किराणा दुकान होतं. अत्ती जात्यावर असायची, नाहीतर चुलीपाशी, नाहीतर गोठ्यात. इतकी वर्षं गाडीच्या शिटीवर तिनं दूध तापवलं आणि भाकऱ्या थापल्या, पण गाडीत ती एकदाही बसली नव्हती. तिला कुठं जायचंच नव्हतं. म्हणजे जायचं असेलही. पण तिला कुणी तसं विचारलं नव्हतं.

गावची शाळा चौथीपर्यंत. ती संपली तेव्हा मी सोलापूरच्या मुलींच्या हायस्कुलात जाते म्हणून धरणं धरलं. सोलापुरात ज्यांच्याकडे राहावं असं आमचं कुणी नव्हतं, म्हणजे रोज सकाळच्या पॅसेंजरनं जायचं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं. वडील मनातून तयार होते. पण घर आजोबांच्या शब्दावर चालायचं. आम्ही त्यांना अज्जा म्हणायचो. अज्जांनी सगळं ऐकून घेतलं, पान जुळवलं आणि म्हणाले, "शिकू दे की. मी कुटं न्हाई म्हणतोय? पन एकटी पोर गाडीत बसनार न्हाई. बाईमानूस सोबत पायजे. रोज."

हो म्हणून नाही म्हणायची ही रीत आमच्या घरात जुनीच. सोबत येणार कोण? आईच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ, पाळण्यात त्याहून धाकटा. शेजारणींना काय सोलापूरला रोज जाऊन बसायला वेळ होता? अज्जांनी पान तोंडात घातलं. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आवाज आला, "मी जातो की."

अज्जांचं पान चघळायचं थांबलं. "तू? आनि दळन कोन दळनार?"

"पहाटं दळून जातो."

"दिवसभर तितं काय करनार?"

"बसतो."

एवढ्यावर माझं इंग्रजी शिक्षण ठरलं. पुढं सात वर्षं अत्ती कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसली, आणि उजाडताना कपाळाला विभूती लावून, काठी आणि गाठोडं घेऊन माझ्या आधी दारात उभी राहिली. त्या सात वर्षांत मला अनेकदा शाळेचा कंटाळा आला, पण तिला एकदाही आला नाही.

पहिल्या दिवशी गाडी फलाटाला लागली तशी ती दोन पावलं मागं सरली. एवढीच काय ती तिची भीती. इंजिन शिटी देऊ लागलं, आणि तिला वाटलं ते आपल्यालाच हाक मारतंय. "बंदे, बंदे," म्हणजे आले, आले, असं कानडीत ओरडत ती चढली. मग आत जाऊन इंजिनाच्या दिशेनं तोंड करून तिनं त्याला सुनावलं, "बायामानसं हाय आमी. पंख न्हाईत." पुढं रोज शिटी झाली की ती "बंदे" म्हणायचीच. डब्यातल्या बायकाही म्हणायला लागल्या.

बायकांचा डबा महिन्याभरात तिच्या ताब्यात आला. दारालगतची जागा तिची. नवी कुणी चढली की विचारायची, "कुटं? कशाला?" आणि उत्तर ऐकून तिची जागा ठरवायची. पोटुशी बाई खिडकीला. कोंबड्या घेऊन आलेली दाराशी, म्हणजे कोंबड्यांना वारा आणि बाकीच्यांना सुटका. माहेरी चाललेली मधोमध, कारण तिला बोलायचं असतं. सासरी चाललेली कोपऱ्यात, कारण तिला रडायचं असतं. एकदा एक जरीकाठी बाई चढल्या. त्यांना कोंबड्यांशेजारची जागा मिळाली. त्या रागानं म्हणाल्या, "तुम्ही कोण सांगणाऱ्या?" अत्ती म्हणाली, "मी रोजचा हाय." मला वाटतं तिला मिळालेली ती पहिली पदवी. ती सांगताना तिची मान ताठ व्हायची.

मी अभ्यास मोठ्यानं करावा असा तिचा हुकूम होता. "मनात वाचलास तर मला कसं कळनार, वाचतीस का झोपतीस?" त्यामुळे आख्खा डबा माझ्याबरोबर शिकायचा. भूगोल सगळ्यांना आवडायचा. इतिहासातल्या राजांच्या बायकांचं पुढं काय झालं, हे पुस्तकात नसायचं, म्हणून इतिहासावर बायकांचा राग होता. पण खरी मजा भूमितीची. "समजा, अ ब क हा एक त्रिकोण आहे," मी वाचायची, आणि अत्ती मला तिथंच अडवायची.

"समजा कशाला? हाय का न्हाई ते इचार आदी."

"कुणाला विचारू?"

"ज्यानं लिवलंय त्याला."

ताक विकायला जाणारी एक बाई रोज आमच्यासमोर बसायची. ती समजूत घालायची, "असंल वो अत्ती. धरून चालू की."

"तुज्या ताकात पानी न्हाई असं आमी रोज धरून चालतो, तसलंच व्हय हे?"

डबा हसायचा, ताकवाली सगळ्यांत जास्त. पण अत्ती हसायची नाही. न पाहिलेली गोष्ट आहे असं समजून पुढं जायचं, हे तिला मनापासून पटत नव्हतं. आयुष्यभर लोकांनी तिला हेच सांगितलं होतं. समज, नवरा परत येईल. समज, हे तुझंच घर. तिनं पुष्कळ समजून पाहिलं असावं. मला तेव्हा हे कळायचं नाही. मी चिडून पुस्तक मिटायची. मग ती गाठोड्यातून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढायची, आणि मी पुस्तक उघडेपर्यंत माझ्या हातात द्यायची नाही.

शाळेच्या फाटकाशी लिंबाचं झाड होतं. मला आत सोडलं की ती त्याखाली बसायची ती गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत. वाती वळायची, कुणाच्या शेंगा फोडून द्यायची, कुणाचं पोर सांभाळायची. पलीकडच्या गल्लीत विणकरांची घरं होती. तिथल्या बायका तेलुगूत बोलायच्या, ही कानडीत. दुपारभर गप्पा चालायच्या. एकमेकींचं किती कळायचं देव जाणे. पण संध्याकाळी मला त्यांच्या घरातल्या सगळ्या भानगडी तपशीलवार ऐकायला मिळायच्या, आणि नंतर चौकशी केली तर त्या खऱ्या निघायच्या.

आमच्या मुख्याध्यापिका बाई फार शिस्तीच्या. फाटकात रोज एक काठीवाली बाई बसते, हे त्यांना शोभेना. एक दिवस त्या स्वतः बाहेर गेल्या. वर्गातल्या खिडकीतून मी बघत होते. इथून तिला उठवलं तर माझी शाळा संपली.

"बाई, तुम्ही इथं रोज का बसता?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"शाळंत येतो."

"शाळेत तुमची भाची येते."

"मी बी रोज येतो. नाव न्हाई घातलं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी झाडाखाली एक जुना बाक आला. अत्ती त्यावर कधी बसली नाही. त्यावर ती गाठोडं ठेवायची आणि स्वतः खाली बसायची, पण कुणी आलं की सांगायची, "बाक माजा हाय."

आम्हा दोघींचं भांडणही व्हायचं. ती मला एक क्षण मोकळी सोडायची नाही. मैत्रिणी मधल्या सुट्टीत सिद्धेश्वराच्या तळ्यावर निघाल्या की ही फाटकातून मागं. स्टेशनवर कुणा मुलानं नुसतं वळून बघितलं तरी ती काठी आपटायची. मी मोठी होत चालले होते आणि मला तिची लाज वाटायची. तिचं ते मोठ्यानं बोलणं, ते गाठोडं, ते "गाडी आला." आज मला त्या डब्यात पाच मिनिटं बसायला मिळालं तर मी काय देईन, ते सांगता येत नाही. तेव्हा मात्र मॅट्रिक कधी एकदा होते आणि ही सोबत कधी सुटते, असं मला झालं होतं.

मॅट्रिकची परीक्षा मार्चात. ऊन तापायला लागलं होतं. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी अत्तीला ताप भरला. सकाळी अंग भाजत होतं. अज्जांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. पुढल्या साली बघू." पुढल्या साली माझं लग्न होतं, ते कुणी बोललं नसलं तरी घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वडील म्हणाले, मी नेतो. अज्जा म्हणाले, दुकान? आणि मग त्यांच्यात जे सुरू झालं ते गाडी येईपर्यंत संपण्यातलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पाठ केलेलं सगळं डोक्यातून निघून गेलं.

अत्ती उठली. तिनं तोंड धुतलं, विभूती लावली. "ताप न्हाई," ती म्हणाली, "दळनाचा घाम हाय." त्या पहाटे ती दळायला बसलीच नव्हती. पण काठी टेकत ती चालायला लागली आणि मी तिच्या मागं धावले. अज्जा नेहमीसारखे दुकानाच्या कट्ट्यावर येऊन बसले. तिथून स्टेशनचा रस्ता आणि फलाट दिसायचा. त्यांच्या देखत आम्ही दोघी डब्यात चढलो.

आत जाताच अत्तीनं तिच्या जागेवर गाठोडं ठेवलं आणि काठी त्याला टेकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "समजा, हे मी."

मला आधी कळलंच नाही. ती डब्याच्या दुसऱ्या बाजूच्या दाराशी गेली होती, जिथं फलाट नसतो. खाली रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन उभा होता. त्याच्या बायकोशी हिची ओळख. काय ठरवलं होतं आणि कधी, ते मला आजही ठाऊक नाही. त्यानं हात दिला आणि ती खडीवर उतरली. मी म्हणाले, "अत्ती, तू नाहीस तर मी कशी जाऊ?" ती खालून म्हणाली, "माजं काय पेपर हाय व्हय? तुजं हाय. सुम्मन कूड." म्हणजे गप्प बस. शिटी झाली. डब्यातल्या बायका त्या दिवशी "बंदे" म्हणाल्या नाहीत.

होटगीला गर्दी चढली. एक जाडजूड बाई गाठोडं उचलून तिथं बसायला लागली. ताकवाली म्हणाली, "तितं बसू नगा. बाई बसल्यात."

"कुटं बसल्यात?"

"बसल्यात म्हनलं न्हवं?" ताकवाली म्हणाली, आणि सगळा डबा त्या बाईकडे असा बघायला लागला की ती उभीच राहिली. सोलापूरपर्यंत ती जागा तशीच होती.

संध्याकाळी आमच्या स्टेशनात गाडी थांबली, तेव्हा रुळांच्या बाजूनं अत्ती वर चढली आणि फलाटाच्या बाजूनं माझ्याबरोबर खाली उतरली. दिवसभर ती पॉइंटमनच्या खोलीमागं, त्याच्या बायकोनं दिलेल्या घोंगडीवर तापात पडून होती. आमच्या दुकानापासून ती जागा हाकेच्या अंतरावर. कट्ट्यावरून अज्जांनी विचारलं, "कसं काय झालं?" अत्ती म्हणाली, "सोपा होता पेपर." पुढच्या पेपरांनाही असंच झालं. शेवटच्या पेपरला ताप उतरला होता आणि ती खरीच आली, तर ताकवाली तिला म्हणाली, "अत्ती, तुमच्यापरीस तुमचं गठुडं बरं. लई गप ऱ्हातंय."

मी पास झाले. वडिलांनी दुकानात पेढे वाटले. अत्तीनं पेढा तोंडात टाकला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जात्याकडे गेली. आता पहाटे दळायचं कारण नव्हतं, तरी ती त्याच वेळी उठायची. सकाळची पॅसेंजर यायची. शिटी झाली की जातं थांबायचं. गाडी दूर जाईपर्यंत ते पुन्हा सुरू व्हायचं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते न फिरणारं जातं ऐकायची, आणि मला पहिल्यांदा कळलं की मला शाळेत जायला ती लागत होती, तशी तिला घराबाहेर पडायला मी लागत होते. अज्जांची अट आम्हा दोघींना होती. मी जितकी चांगली शिकत गेले तितकी तिची गाडी लवकर संपत गेली, आणि हे माहीत असून भाकरी रोखून तिनंच माझ्याकडून अभ्यास करवून घेतला होता.

मी तिला म्हणाले, "अत्ती, उद्या सोलापूरला जाऊ. नुसतंच. तळ्यावर बसू आणि येऊ."

ती थोडा वेळ हरखल्यासारखी झाली. मग म्हणाली, "कशाला जातो म्हनून सांगू?"

"काही सांगू नकोस."

"असं कुटं असतंय?" ती म्हणाली, आणि पीठ भरायला लागली.

वडिलांनी त्या एका वर्षी अज्जांपुढं मान वर केली, आणि मी पुण्याला कॉलेजात, मुलींच्या वसतिगृहात गेले. दिवाळीत घरी आले तेव्हा भावानं हसत हसत बातमी दिली. अत्ती गावात घरोघर फिरत होती. दारात उभी राहून विचारायची, "पोरगी हाय का, शाळंला न्यायला?" लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. सोयरीक बघत हिंडावं तशी ती मुली बघत हिंडत होती. आमच्यातल्या कुणी दिली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, एक शिकून घराबाहेर गेली तेवढं पुरे.

शेवटी ती गावाबाहेर धनगरांच्या पालांकडे गेली. तिथं एकाची सात-आठ वर्षांची मुलगी होती. गावच्या शाळेत तिला कुणी बसू देईना, म्हणून अत्ती तिला रोज गाडीनं सोलापूरच्या लहान मुलींच्या शाळेत न्यायला निघाली. बाप म्हणाला, "पोर शाळंला गेली तर कोकरं कोन बगनार?" अत्ती म्हणाली, "ऐतवारी मी बगतो." आणि खरोखरच, आमच्या घरची बाई रविवारी माळावर कोकरं राखायला जाऊ लागली. अज्जा तोवर थकले होते. त्यांनी फक्त तोंड फिरवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधीच मी एकदा घरी आले. पुण्याहून एकटी. सोलापूरला उतरून, स्वतःची ट्रंक स्वतः उचलून मी संध्याकाळच्या पॅसेंजरकडे गेले आणि बायकांच्या डब्यात पाय ठेवला. अत्ती दाराशी बसली होती. शेजारी, खिडकीला, तेल लावून घट्ट वेणी घातलेली ती काळीसावळी पोर. मी वाकून अत्तीच्या पाया पडले. तिनं माझी हनुवटी धरली, चेहरा इकडून तिकडून बघितला.

"वाळलीस. सोबत कोन हाय?"

"कुणी नाही," मी म्हणाले. थोडी ऐट होतीच त्यात. "एकटीच आले."

"पुन्याहून?"

"हो."

डब्यातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि ज्या कौतुकाची मी वाट बघत होते ते कुणाच्याच डोळ्यांत नव्हतं. पोरकं लेकरू दारात आल्यावर बघतात तसं त्या बघत होत्या. अत्तीनं समोरच्या बाईला सरकायला सांगून मला जागा करून दिली. मी तोंड उघडून कॉलेजचं काही सांगणार, तोच ती म्हणाली, "थांब जरा. हिचं पाढं चाललंय." मग पोर पाढे म्हणत राहिली, चुकत राहिली, आणि होटगी गेली तरी अत्तीचं लक्ष तिच्या ओठांवरून हललं नाही. भाकरीचा तुकडा तिच्या हातात तयार होता. मला त्या पोरीचा इतका हेवा वाटला की मी खिडकीबाहेर बघत बसले.

आमचं स्टेशन आलं तेव्हा अंधारून आलं होतं. धनगरांची पालं रुळांपलीकडे होती, म्हणून आधी पोरीला पोचवून मग घरी जायचं होतं. मला न्यायला कुणी आलं नव्हतं. मी कळवलंच नव्हतं. एकटीनं जायचं-यायचं शिकले, हे पुढं मी सगळ्यांना अभिमानानं सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण त्या संध्याकाळी ट्रंक घेऊन त्यांच्या मागून चालताना मला वाटत होतं, अत्तीनं एकदा वळून बघावं आणि मलाही धरून रूळ ओलांडून न्यावं. ती वळली नाही. तिच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात त्या पोरीचा हात, आणि तिसरा हात काही तिला नव्हता.